अठ्ठावीस दिवसांचे रिचार्ज ‘महिन्याचे’ नसते

यवतमाळ-वाशिमकडच्या खेड्यांत २८ दिवसांच्या रिचार्जला सर्रास ‘महिन्याचे’ म्हटले जाते आणि वर्षाचा खर्च काढताना त्या रकमेला बाराने गुणले जाते. हा हिशेब चुकीचा आहे. बारा रिचार्जमध्ये ३३६ दिवसच भरतात; उरलेल्या २९ दिवसांसाठी तेरावे रिचार्ज करावेच लागते, आणि कापूस विकल्यावरच ज्याच्या हाती रोकड येते त्या घराला ते जड जाते. म्हणून किंमत दिवसांनी भागून पाहावी : समजा, २८ दिवसांना २८० रुपये असतील तर दिवसाला दहा रुपये पडतात, तर ८४ दिवसांना ७५६ असतील तर नऊच.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा, असे किमान एकेक प्लॅन ठेवण्यास सांगितले. ते दुकानदाराकडे नावानिशी मागावेत.

घरातील वडीलधाऱ्यांकडे साधा बटणांचा फोन असेल, तर त्यांच्यासाठी इंटरनेटचे पैसे भरण्याचे कारणच नाही. डिसेंबर २०२४ च्या नियमानुसार केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅकही कंपन्यांना द्यावे लागतात, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते.