बालकलाकार की सहाय्यक अभिनेता? किशोरवयात मिळणाऱ्या दोन पुरस्कारांतला फरक

14 सप्टेंबर 2025 ला लॉस एंजेलिसमध्ये ‘अ‍ॅडोलेसन्स’ मालिकेतल्या ओवेन कूपरला प्राइमटाइम एमी हा अमेरिकन टीव्हीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो 15 वर्षांचा होता. पुरस्कार होता मर्यादित भागांच्या मालिकेतल्या सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा. बालकलाकाराचा नव्हे. प्राइमटाइम एमीत अभिनयासाठी बालकलाकार असा विभागच नाही, पण मुलगा पंधरा वर्षांचा म्हटलं की आपल्या तोंडी तोच शब्द आधी येतो. अंधेरी-गोरेगावच्या पट्ट्यात ज्यांची मुलं मालिकांत काम करतात, त्यांनी तरी हे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. निवड, स्पर्धा आणि पुढच्या कामासाठी होणारा उपयोग, तिन्ही बाबतींत ते वेगळे आहेत.

सोयीसाठी एकाला खुला विभाग म्हणू आणि दुसऱ्याला वयाचा विभाग.

खुल्या विभागात वय विचारलंच जात नाही. कूपरच्या समोर नावाजलेला हाविएर बार्देम, पीटर सार्सगार्ड, बिल कॅम्प, रॉब डेलानी आणि त्याच मालिकेतला अ‍ॅशली वॉल्टर्स होते. मत देणारे टेलिव्हिजन अकादमीचे सदस्य असतात आणि अभिनयाच्या विभागांत नटच नटांना मत देतात. ‘लहान असून किती छान केलं’ हा निकष तिथे लिहिलेला नाही. मतदाराच्या मनात तो येत असेलही, पण बार्देमला बाजूला ठेवण्यासाठी तेवढं पुरत नाही.

‘अ‍ॅडोलेसन्स’ या मालिकेचे भाग चारच, आणि प्रत्येक भाग एकाच अखंड टेकमध्ये चित्रित केलेला. प्रत्येक भागासाठी साधारण तीन आठवडे ठेवलेले होते: आधी नटांची तालीम, मग कॅमेऱ्यासकट तांत्रिक तालीम आणि शेवटी चित्रीकरण. मानसशास्त्रज्ञ आणि मुलगा समोरासमोर बसतात तो तिसरा भाग सगळ्यात आधी चित्रित झाला. म्हणजे कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या मुलाने सुरुवातच सर्वांत अवघड भागाने केली. समोरच्या एरिन डोहर्टीलाही त्याच रात्री सहाय्यक अभिनेत्रीचा एमी मिळाला. इतका वेळ तालमीला मिळाला म्हणून ते काम झालं, हे आपल्याकडच्या निर्मात्यांनी खरंच मनावर घ्यावं.

किशोरवयीन मुलं खुल्या विभागात जिंकतात ती बहुतेक वेळा कशात, हेही पाहा. 1984 मध्ये रॉक्साना झाल 14 व्या वर्षी जिंकली. प्राइमटाइम एमीच्या अभिनय विभागांत तिच्याहून लहान विजेता आजवर झालेला नाही. तिचं काम होतं टीव्हीसाठी केलेल्या एका चित्रपटात. कूपरच्या आधीचा सर्वांत लहान मुलगा-विजेता स्कॉट जेकबी, 1973, वय 16. त्याचंही काम टीव्ही-चित्रपटातच. कारण सरळ आहे. दोन-चार तासांच्या गोष्टीत मुलाच्या भूमिकेला सुरुवात, चढ आणि शेवट मिळतो. वर्षभर चालणाऱ्या मालिकेत मुलाच्या वाट्याला आठवड्याला तीन प्रवेश येतात, आणि त्यातल्या दोनांत तो दाराआडून ऐकत असतो. क्रिस्टी मॅकनिकॉल मात्र साप्ताहिक कौटुंबिक मालिकेसाठी 1977 मध्ये 15 व्या वर्षी जिंकली आणि 1979 मध्ये पुन्हा. तिचं यश मला या सगळ्यांत जास्त अवघड वाटतं.

आता वयाचा विभाग. अमेरिकेत दुपारच्या मालिकांसाठीचा डेटाइम एमी आहे. त्यात 1985 पासून ‘तरुण अभिनेता’ आणि ‘तरुण अभिनेत्री’ असे विभाग आले आणि अनेक वर्षं त्यांची वयोमर्यादा 25 होती. किम्बर्ली मॅककलॉने 1989 मध्ये तो 11 व्या वर्षी जिंकला, सेरा मिशेल गेलरने 1995 मध्ये 18 व्या वर्षी. विभाग वयाचा असला तरी तो ‘बाल’ नव्हता. शाळकरी मुलगी आणि कॉलेज संपवलेली तरुणी त्यात एकमेकींसमोर येऊ शकत होत्या. घोटाळ्याचं मूळही इथेच आहे. प्राइमटाइम आणि डेटाइम, दोन्हींना लोक एमीच म्हणतात आणि पुतळाही तोच, हातात अणू धरलेली पंखांची स्त्री. संस्था मात्र 1977 पासून वेगळ्या आहेत, एक लॉस एंजेलिसची, दुसरी न्यूयॉर्कची. आपल्याकडच्या मालिका ज्यात जातात तो इंटरनॅशनल एमी ही तिसरीच संस्था देते. 2020 मध्ये ‘दिल्ली क्राइम’ला मिळाला तो हा.

वयाचा विभाग कमी दर्जाचा, असं यातून कुणी काढू नये. रोजच्या मालिकेत महिन्याला वीस-बावीस भाग, संवाद त्याच सकाळी हातात, तालीम जवळजवळ नाहीच. तशा कामाची तुलना त्याच परिस्थितीत काम करणाऱ्या त्याच वयाच्या मुलांशी होणं न्याय्यच आहे. फक्त त्याचं नाव बदलून सांगू नये.

मुंबईत आणखी एक पदर येतो. वाहिनीचे स्वतःचे पुरस्कार, उदाहरणार्थ झी मराठीचे, त्या वाहिनीच्या मालिकांपुरतेच असतात आणि त्यात प्रेक्षकांच्या मतांना मोठं स्थान आहे. इंडियन टेलिव्हिजन अकादमीचे पुरस्कार 2001 पासून आहेत. त्यांत अनेक वाहिन्यांच्या मालिका येतात, आणि परीक्षकांनी निवडलेले व लोकप्रिय असे दोन्ही प्रकार असतात. प्रेक्षकांच्या मतांवर मिळणारा बालकलाकार पुरस्कार त्या वेळी चालू असलेल्या ट्रॅकवर, म्हणजे कथानकाच्या धाग्यावर, फार अवलंबून असतो. मालिकेत लीप आला, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे गेली, की लहानपणीची भूमिका संपते. ‘बालिका वधू’त 2010 मध्ये हेच झालं: आनंदीची भूमिका अविका गौरकडून प्रत्यूषा बॅनर्जीकडे गेली. लीपनंतर मतदान आलं तर आधीच्या मुलाचं काम लोकांच्या डोळ्यांसमोर नसतं. चांगलं काम मागे पडण्याचं हे सर्वांत साधं कारण.

परीक्षकांकडे क्लिप पाठवायची असेल तर एक चूक जवळजवळ सगळे करतात. तीन-चार रडण्याचे प्रवेश तोडून जोडतात आणि खाली संगीत घालतात. त्यातून अभिनय दिसत नाही, संकलन दिसतं. दोन-अडीच मिनिटांचा एकच सलग प्रवेश निवडा. त्यात समोरच्या नटाचे संवाद तसेच राहू द्या आणि मूल ऐकतानाचे क्लोजअप कापू नका. ऐकताना चेहऱ्यावर काय चाललंय हेच जाणकार परीक्षक बघतो. प्रवेशिका सहसा निर्मितीसंस्था किंवा वाहिनी भरते. म्हणून प्रसारणाची तारीख, भागाचा क्रमांक आणि जन्मदाखला त्यांच्याकडे वेळेत पोहोचला का, हे पालकांनी विचारून घ्यावं. मुख्य की सहाय्यक, खुला की वयाचा, हेही प्रवेशिकेतच ठरतं. नंतर वाद घालून उपयोग नसतो.

आरामनगरला, म्हणजे वर्सोव्यातल्या कास्टिंगच्या ऑफिसांत, प्रोफाइल देताना पुरस्कार एका ओळीत पूर्ण लिहा: संस्था, विभागाचं पूर्ण नाव, कोणत्या कामासाठी, कोणत्या वर्षाचा, आणि विजेता, नामांकन की विशेष उल्लेख. नामांकन म्हणजे पुरस्कार नाही. मिली बॉबी ब्राउनला 2017 मध्ये 13 व्या वर्षी एमीचं नामांकन होतं, जिंकली अ‍ॅन डाउड. विशेष उल्लेखाची गोष्ट वेगळी. ‘सैराट’साठी रिंकू राजगुरूला 63 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मिळाला तो विशेष उल्लेख, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा नव्हे आणि बालकलाकाराचाही नव्हे. ते पुरस्कार 2015 सालचे, जाहीर झाले मार्च 2016 मध्ये, आणि चित्रपट थिएटरात आला त्यानंतर एप्रिलच्या शेवटी. वर्षांची गल्लत होते ती अशी.

पात्राचं वय आणि नटाचं वय यांतही गफलत होते. झेंडेयाने शाळकरी मुलीची भूमिका केली आणि 2020 मध्ये मुख्य अभिनेत्रीचा एमी जिंकला, पण तेव्हा ती 24 वर्षांची होती. क्लेअर डेन्सने मात्र 1995 मध्ये खरोखरच 15 व्या वर्षी मुख्य अभिनेत्रीचा गोल्डन ग्लोब घेतला.

‘बालकलाकार’ हा शब्द कायद्यात आणखी वेगळ्या अर्थाने येतो, आणि तिथली चूक महाग पडते. बालकामगार कायद्यात बालक म्हणजे 14 वर्षांखालचं मूल. त्याच्यासाठी निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला जास्तीत जास्त 5 तास काम, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काम नाही, आणि उत्पन्नातली किमान 20 टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. चौदा पूर्ण झाली की कायद्याच्या भाषेत तो किशोर होतो आणि हे नियम आपोआप लागू राहत नाहीत. पुरस्काराच्या ट्रॉफीवर मात्र ‘सर्वोत्कृष्ट बालकलाकार’ असंच असतं. पुरस्कारानंतर काम वाढतं, भूमिका मोठी होते, आणि नेमकं तेव्हाच दहावीचं वर्ष तोंडावर येतं. तासांची मर्यादा, परीक्षेच्या काळातली सुट्टी आणि ठेवीची रक्कम हे तिन्ही मुद्दे मग करारात लिहून घ्यावे लागतात, आणि तेही नव्या ट्रॅकचं चित्रीकरण सुरू होण्याआधी.