मूत्राशयवेदनेवरील नर्व्ह ब्लॉक

लघवीत जंतू सापडत नाहीत, तरी पिशवी जराशी भरली की ओटीपोटात कळ येते आणि लघवी करून आल्यावर थोडा वेळ बरे वाटते. हे सहा आठवड्यांहून अधिक काळ चालले आणि दुसरे कारण सापडले नाही, तर त्याला मूत्राशयवेदना संलक्षण, जुन्या नावाने इंटरस्टिशियल सिस्टायटिस, म्हणतात. फिजिओथेरपी, अमिट्रिप्टिलिन ही नसांची वेदना शमवणारी गोळी, मूत्राशयात सोडायची औषधे यांनी भागले नाही, तर काही रुग्णांत वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूजवळ भुलीचे औषध टोचतात. हाच नर्व्ह ब्लॉक. रुग्ण याला ‘नसेतले इंजेक्शन’ म्हणतात. सुई मात्र नसेच्या शेजारी थांबवायची असते.

कोणत्या नसेपाशी टोचायचे, यावर सगळे अवलंबून आहे. सर्वांत परिचित प्युडेंडल मज्जातंतू खरे तर मूत्राशयाचा नव्हेच. मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू, ओटीतळ आणि गुह्यभागाची त्वचा त्याच्याकडे असते. बसल्यावर वाढणारे, पण कमोडवर बसल्यावर हलके होणारे दुखणे असेल, तर संशय त्याच्यावर जातो. खुद्द मूत्राशयाच्या वेदनेचा काही भाग सुपीरियर हायपोगॅस्ट्रिक जाळ्यातून, म्हणजे कमरेच्या मणक्यापुढच्या मज्जातंतूंच्या जाळ्यातून, वर जातो. या जाळ्याचा ब्लॉक मेक्सिकोतील प्लांकार्ते व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये, ओटीपोटातील कर्करोगाच्या वेदनेसाठी मांडला.

त्यासाठी रुग्णाला पालथे झोपवून सी-आर्म या फिरत्या यंत्राच्या क्ष-किरणांखाली सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची सुई कमरेच्या पाचव्या मणक्यापुढे नेतात. आधी क्ष-किरणांत दिसणारे थोडे रंगद्रव्य सोडतात. ते मणक्याच्या पुढच्या कडेला धरून पसरले तर जागा बरोबर. रक्तवाहिनीत शिरले तर पाहता पाहता वाहून जाते. मग ब्युपिव्हाकेन हे भुलीचे औषध, कधी सोबत स्टेरॉइड.

ब्युपिव्हाकेनचा अंमल काही तासांचा. काहींना आराम आठवडेच्या आठवडे टिकतो, काहींना मुळीच पडत नाही. मोठ्या चाचण्यांचा आधार तोकडा आहे. तरी त्या काही तासांत दुखणे थांबले की नाही, यावरून निदानाला मदत होते. दर तासाला दहापैकी किती दुखते आणि लघवीला किती वेळा गेलो, हे वहीत लिहून आणणारा रुग्ण डॉक्टरचे निम्मे काम करतो.

दुर्बिणीत हुन्नर जखमा, म्हणजे मूत्राशयाच्या अस्तरावरचे लालसर चट्टे, दिसल्या, तर आधी त्या जाळणे योग्य. भारतात मूत्राशयाचा क्षयही आधी वगळावा लागतो. त्यानेही पिशवी आक्रसते आणि नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, त्याचे जंतू वाढत नाहीत.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी सांगावे. प्युडेंडल ब्लॉकचे औषध शेजारच्या, पायाकडे जाणाऱ्या सायटिक मज्जातंतूपर्यंत पसरले, तर पाय काही तास लुळा पडतो. म्हणून त्या दिवशी सोबत कोणीतरी न्यावे आणि स्कूटर घरीच ठेवावी.