टायटॅनियम गरम करून दाबायची भानगड: थोडी पार्श्वभूमी

टायटॅनियम सापडलं 1791 मध्ये, पण क्रोलची (हा धातू मोठ्या प्रमाणावर काढायची) पद्धत आली आणि 1948 ला ड्यूपाँने तो धातू विकायला काढला तोवर कारखान्यात त्याला कोणी विचारत नव्हतं. मग जेट विमानांमुळे मागणी वाढली, 1950 च्या दशकात 6 टक्के ॲल्युमिनियम, 4 टक्के व्हॅनेडियमवालं अलॉय (मिश्रधातू) आलं (आजही सगळ्यात जास्त तेच चालतं) आणि फोर्जिंगवाल्यांची (गरम धातू दाबून आकार देणाऱ्यांची) डोकेदुखी सुरू झाली.

शुद्ध टायटॅनियमची अणूंची रचना 882 अंश सेल्सियसला बदलते. खाली अल्फा, षटकोनी, आत अणूंच्या थरांना सरकायला वाटा कमी म्हणून हट्टी. वर बीटा, चांगलाच मऊ. या अलॉयमध्ये ही हद्द साधारण 995 ला. मग सरळ बीटात नेऊन दाबा की! दाबता येतं, पण तिथे ग्रेन (धातूतले बारीक स्फटिक) भराभर फुगतात आणि थंड झाल्यावर पट्ट्यापट्ट्यांची रचना उरते, डक्टिलिटी (न तुटता ताणलं जायचा गुण) जाते. म्हणून बहुतेक वेळा हद्दीच्या जरा खाली काम करायचं, आणि तिथे तापमान थोडं घसरलं तरी प्रेसला जोर कितीतरी जास्त लागतो. डाय (दाबायचा साचा) गार असेल तर वरचा थर लगेच थिजतो, शिवाय हा धातू उष्णता वाहून न्यायला एकदम मंद, त्यामुळे झटक्यात दाबलं की आतली गरमी एका पट्टीत अडकते, ती पट्टी अजून मऊ होते आणि सगळं सरकणं तिथेच होऊन बसतं. हाच तो शिअर बँड.

गणितासाठी स्टीलवाल्यांचंच सामान उचललं. 1944 चा झेनर-हॉलोमन पॅरामीटर, ज्यात तापमान आणि स्ट्रेन रेट (धातू किती वेगाने दाबला जातो) एकाच आकड्यात बसतात, आणि 1966 चं सेलर्स-टेगार्टचं साइन-हायपरबोलिक समीकरण. यातून जोर किती लागेल ते कळतं, आत काय घडतंय ते नाही. माझ्या मते खरं वळण 1984 ला आलं, बंगळूरच्या आयआयएससीचे प्रसाद आणि राइट-पॅटरसन तळावरची अमेरिकन एअर फोर्सची मंडळी यांनी प्रोसेसिंग मॅप मांडला तेव्हा, आणि तोही 6242 या टायटॅनियम अलॉयवरच. कुठल्या तापमानाला, किती वेगाने दाबलं तर चालेल आणि कुठे माल फाटेल, हे नकाशावर दिसायला लागलं.

एक गुंता मात्र अजून छळतो. दाबताना स्ट्रेस (धातूतला ताण) शिखर गाठून खाली येतो, त्याचं कारण पट्ट्या तुटून गोल दाणे होणं की नुसतं आतलं तापमान वाढणं? वेगवान टेस्टमध्ये तापमानाची दुरुस्ती न करता काढलेल्या वक्रावरून हे ठरवताच येत नाही, आणि तरी तसे वक्र पेपरांत बिनधास्त छापले जातात.