पानझडी जंगल (विदर्भ)

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत, तसेच अमरावतीच्या मेळघाटात पसरलेला उष्णकटिबंधीय वनप्रकार. उष्णकटिबंधीय जंगल म्हटले की सदाहरित वर्षावन डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्रात त्या जातकुळीची जंगले सह्याद्रीत आहेत, विदर्भात नाहीत. गडचिरोलीत वर्षाला साधारण १,३०० ते १,५०० मिमी पाऊस पडतो, हे काही कमी नव्हे. पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले सात-आठ महिने कोरडे, त्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर. या कोरड्या काळात तगून राहण्याच्या रीतींवरच या जंगलाची घडी बसली आहे. वर्षावनाची गरीब आवृत्ती म्हणून त्याकडे पाहिले, तर त्यातले निम्मे कळतच नाही.

साग, ऐन, धावडा, बीजा, मोह, तेंदू, चार (चारोळीचे झाड) ही मुख्य झाडे, जोडीला बांबू. मुरमाड उतारांवर सालई आणि कुलू. कुलूच्या पांढुरक्या सालीचा पापुद्रा निघाला की आत हिरवा थर दिसतो. पाने नसताना झाड त्यावरच थोडेफार अन्न तयार करते. नाल्याकाठी अर्जुन, जांभूळ, करंज यांची हिरवी रेघ उन्हाळाभर टिकते आणि एप्रिल-मे महिन्यांत जनावरे तिथेच, नाहीतर तलाव-बोड्यांवर (लहान तळ्यांवर) एकवटतात.

पानगळ ही पाणी वाचवण्याची युक्ती. अनेक झाडे मात्र याच उघड्या दिवसांत फुलतात. पळसाला फुले येतात तेव्हा आड यायला पाने नसतात, त्यामुळे शिंजीर आणि मैनांना ती लांबूनही दिसतात. मोह रात्री फुलतो. वटवाघळे त्याचे परागीभवन करतात आणि मांसल, गोड फुले पहाटे टपटप गळतात. ती अस्वल, चितळ आणि माणूस तिघेही वेचतात. टोपली घेऊन जाणाऱ्याला अस्वलाच्या आधी पोहोचायचे की नंतर, हा प्रश्न गोंड-माडिया पाड्यांवर थट्टेचा नाही.

वर्षावनातल्या दमट हवेत गळलेले पान लवकर कुजते. इथे पाचोळा जूनपर्यंत कुरकुरीत पडून राहतो. कोरड्या दिवसांत तो संपवण्याचे बरेचसे काम उधई (वाळवी) करते. बुरशी आणि जिवाणूंना खरा जोर चढतो तो पहिल्या पावसानंतर. पावसाळा सरताना सागाची पाने पाहावीत: एक लहान अळी हिरवा गर खाऊन शिरांची जाळी तेवढी शिल्लक ठेवते. दुरून अख्खे सागवन करपल्यासारखे दिसते. झाड सहसा मरत नाही आणि कीटकभक्षी पक्ष्यांची चंगळ होते.

वाघ, बिबट, रानकुत्रे, गवा, सांबर हे वन्यजीव परिचित आहेत. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. नामशेष झाला असे मानले गेलेला रानपिंगळा, एक लहान घुबड, १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला.

वणवा हा इथला जुना तिढा आहे. मोहफुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, बिडीच्या पानांसाठी तेंदूला कोवळा फुटवा यावा म्हणूनही आग लावतात. ती पसरली की रोपे आणि जमिनीवरची घरटी जातात. वारंवार जळालेल्या जागी घाणेरी आणि रानतुळस शिरते. मग गवत कमी होते आणि चितळ-सांबरांचा चारा घटतो.

जंगलावरचे स्थानिकांचे हक्क मान्य करणाऱ्या वनहक्क कायद्यानंतर काही ठिकाणी निर्णय गावाकडे आले. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये तिथली ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने बांबूचे उत्पन्न घेतले, पण तेंदूपाने तोडायचीच नाहीत असे ठरवले. पानांसाठी झाडे छाटली जातात, आगी लागतात आणि माणसा-पाखरांना खायची टेंभरे (तेंदूची फळे) धरतच नाहीत, असा त्यामागचा विचार.