‘इंट ए[एन]’ला परवानगी मिळेपर्यंत

महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचं ‘टर्बो सी’ हे सॉफ्टवेअर चाललं. तिथे सी शिकलेल्या जवळपास प्रत्येकाला एक प्रश्न पडलेला असतो: किती संख्या घ्यायच्या हे वापरणाऱ्यालाच विचारून ‘एन’मध्ये ठेवलं, तर त्याच मापाचा अ‍ॅरे (संख्यांची सलग रांग) का करता येत नाही? ‘इंट ए[एन]’ (म्हणजे ‘एन’ पूर्णांकांची ‘ए’ नावाची रांग) लिहिलं की कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्रभाषेत बदलणारं सॉफ्टवेअर, ‘कॉन्स्टंट एक्स्प्रेशन रिक्वायर्ड’ म्हणून अडवायचं. मग ए[100] लिहून पुढे जायचं. कोणी 101 संख्या दिल्या तर काय होईल, हे मात्र बहुतेक वेळा सांगायचं राहूनच जायचं.

ही सोय सीच्या आधीपासून होती, हे फारसं सांगितलं जात नाही. 1957 च्या फोरट्रान भाषेत अ‍ॅरेची मापं आधीच ठरवून द्यावी लागत. पण अल्गोल 60 मध्ये ब्लॉक सुरू होताना अ‍ॅरेच्या सीमा मोजल्या जात, त्यामुळे नुकताच वाचलेला आकडाही माप म्हणून चालायचा. डायक्स्ट्रा आणि झोनेवेल्ड यांचा अल्गोल कंपायलर अ‍ॅमस्टरडॅममध्ये 1960 सालीच चालू झाला होता. पास्कल मात्र उलट्या दिशेने गेली. तिथे माप हा टाइपचाच (डेटाच्या प्रकाराचाच) भाग, म्हणून दहा संख्या सॉर्ट करणाऱ्या प्रोसिजरला वीस संख्यांचा अ‍ॅरे देता येईना. 1981 मध्ये संगणकतज्ज्ञ ब्रायन कर्निघन यांनी पास्कलवर टीका केली, तेव्हा हाच मुद्दा अग्रभागी होता.

डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सी घडवली ती छोट्या पीडीपी-11 कॉम्प्युटरवर. फंक्शनचे व्हेरिएबल स्टॅकवर, म्हणजे फंक्शन चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मेमरीत, बसतात. सगळी मापं आधी माहीत असली की किती बाइट सोडायचे हा एकच आकडा कंपायलर लिहून टाकतो आणि प्रत्येक व्हेरिएबल ठरलेल्या अंतरावर सापडतो. मधला अ‍ॅरे लहानमोठा होऊ लागला की हा हिशेब प्रोग्रॅम चालू असताना करावा लागतो. सीने तो टाळला आणि बदलत्या मापाचं काम लायब्ररीवर सोपवलं. 1979 च्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीत मॅलॉक, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागून घेणारं फंक्शन, होतंच.

पण मॅट्रिक्सवर काम करणाऱ्यांना हे पुरेना. 1990 मध्ये खुद्द रिची यांनी बदलत्या मापाच्या अ‍ॅरेंसाठी प्रस्ताव मांडला. जीसीसी या कंपायलरमध्ये ही सोय आधीच आली होती. अखेर सी99 ने, म्हणजे सी भाषेच्या 1999 च्या अधिकृत प्रमाणाने, ‘इंट ए[एन]’ प्रमाणभाषेत घेतलं, जरी रिची यांच्या प्रस्तावापेक्षा वेगळ्या रूपात.

माझ्या मते खरी गोची इथून पुढे सुरू होते. मॅलॉकला जागा मिळाली नाही तर ते ‘नल’ (रिकामा पत्ता) परत करतं, निदान विचारता तरी येतं. स्टॅकवरच्या अशा अ‍ॅरेला ‘जमलं नाही’ म्हणायची सोयच नाही. लिनक्सवर स्टॅकची नेहमीची मर्यादा 8 एमबी. वापरणाऱ्याने 50 लाख टाइप केले तर चार बाइटच्या इंटला सुमारे 20 एमबी लागतात आणि प्रोग्रॅम बहुधा तिथेच कोसळतो. शून्य किंवा ऋण आकडा दिला तर पुढे काय घडेल, याची प्रमाणभाषा कसलीच हमी देत नाही. म्हणून आकडा आधी तपासणं भागच आहे.

सी11 ने ही सोय ऐच्छिक केली. लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) तर एका थ्रेडचा स्टॅक 64-बिट इंटेल मशीनवर जेमतेम 16 केबी. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2018 मध्ये अशा अ‍ॅरेंना ठाम विरोध केला आणि त्याच वर्षीच्या 4.20 आवृत्तीपर्यंत ते कर्नलमधून काढून टाकले गेले. सी++ ने ते कधी स्वीकारलेच नाहीत. तिथे 1998 पासून माप बदलू शकणारा व्हेक्टर आहे. जी++ हा सी++ चा कंपायलर मात्र ‘इंट ए[एन]’ आजही मुकाट्याने कंपाइल करतो, त्यामुळे ते अधिकृत सी++ आहे असा अनेकांचा समज होतो. जावात ‘न्यू इंट[एन]’ने अ‍ॅरे हीपवर, म्हणजे स्टॅकबाहेरच्या मेमरीत, बनतो आणि एन ऋण असेल तर नेगेटिव्हअ‍ॅरेसाइझएक्सेप्शन येतं. सी23 ने मधली वाट काढली: बदलत्या मापाचे टाइप पुन्हा सक्तीचे, पण स्टॅकवर तसा अ‍ॅरे मांडू द्यायचा की नाही हे अजूनही कंपायलरच्या मर्जीवर.