व्हायरल घसा की स्ट्रेपचा घसा? अ‍ॅझीच्या तीन गोळ्या घ्यायच्या आधी वाचा

कापूस वेचणीचे दिवस आले की आमच्याकडे घराघरात कोणाचा ना कोणाचा घसा धरलेला असतो, अन् मजुरी बुडवून तालुक्याले कोण जाईल म्हणून मेडिकलवरून अ‍ॅझीच्या (अ‍ॅझिथ्रोमायसिन, एक अँटिबायोटिक) तीन गोळ्यांचा पत्ता आणतात, मीही आणलाय. पण दुखणारा घसा सगळा एकच नसतो.

बहुतेक वेळा व्हायरल असतो. नाक गळतं, शिंका, खोकला, आवाज बसतो, कधी डोळेही लाल होतात. आठवडाभरात आपोआप जातो, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा, तापावर पॅरासिटामॉल घ्या, बस. अँटिबायोटिक व्हायरसवर चालतच नाही, गोळ्यांनी बरं वाटलं म्हणतात तो घसा तसाही बरा होणारच होता.

स्ट्रेप हा बॅक्टेरिया, जास्त करून 5 ते 15 वर्षांच्या लेकराईले धरतो. अचानक ताप, थुंकी गिळली तरी दुखतं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, अन् मुख्य म्हणजे सर्दी-खोकला नसतो. तरी नुसता टॉर्च मारून डॉक्टरलेही पक्कं सांगता येत नाही, काहून की पांढरे ठिपके व्हायरलमध्येही दिसतात, खात्री करायची तर घशाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीनं घेतलेला नमुना, तपासावा लागतो.

स्ट्रेप निघाला तर पेनिसिलिन नाहीतर अमॉक्सिसिलिन, पूर्ण 10 दिवस. जुनं औषध आहे पण स्ट्रेपवर अजून हुकमी चालतं, अ‍ॅझीले मात्र हा जंतू बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही, ती पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्याईसाठी ठेवलेली. होतं काय, तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, लेकरू अंगणात खेळायला लागतं अन् उरलेल्या गोळ्या डब्यात जातात. अन् स्ट्रेप अर्धवट राहिला तर दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येऊ शकतो, सांधे सुजतात ते उतरतात पण हृदयाच्या झडपा खराब झाल्या तर जन्माचं दुखणं लागतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मीही गोळ्या अर्ध्यावर सोडल्या नसत्या.

घसा दुखायला लागल्यापासून 9 दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हा धोका टळतो, म्हणून दवाखाना एक-दोन दिवस बंद असला तर घाईत मेडिकलवाल्याले विचारून काहीबाही घेऊ नका. फक्त घशात राखाडी पडदा दिसला, मान सुजली, लाळ गिळता येईना किंवा श्वास अडकायला लागला तर थांबायचं नाही, तो घटसर्प असू शकतो, त्याले वेगळं अँटिटॉक्सिन, म्हणजे जंतूच्या विषावरचं औषध लागतं, त्याच घडीले गाडी करून जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या.