कुत्रा पट्टा ओढतो, म्हणजे साहेब व्हायला बघतो?

सोलापुरात विजापूर रोडला संभाजी तलावाकडं सकाळी कुत्रं घेऊन गेलं की सल्ला फुकट मिळतो: "पुढं जाऊ देऊ नका, डोक्यावर बसंल. एक हिसका द्या की!"

या समजाचं मूळ लांडग्यांत आहे. 1947 साली प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक रुडोल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेतल्या लांडग्यांच्या भांडणांवर लिहिलं, आणि टोळीच्या म्होरक्याची कल्पना रुजली. ती पुस्तकातून पसरवणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच 1999 मध्ये ती खोडली: रानातली टोळी म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पिल्लं. आणि आपला मोती तर लांडगाही नाही.

तो ओढतो कारण त्याची चाल आपल्यापेक्षा जलद, आणि ओढल्यावर काम होतं. खांबापर्यंत फरफटत नेलं, वास मिळाला, झालं बक्षीस! हिसक्यानं मात्र गळ्याला इजा होऊ शकते. छातीवर कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगाभोवती बांधायचा पट्टा) बरा.

पट्टा ताणला की जागीच थांबा. ओरडू नका, ओढू नका. त्यानं मागं वळून बघितलं, पट्टा सैल पडला, की लगेच शाब्बासकी आणि मांडीपाशी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. (शेंगाचटणी नको, लसूण कुत्र्याला बाधतो.) मग पुढं चला. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत शेजारच्या फाटकापर्यंतच पोचाल, शेजारी हसतील. पण घरातल्या एकानं जरी ओढू दिलं, तरी शिकवलेलं पाण्यात. उन्हाळ्यात हे सगळं उजाडतानाच. नंतर सोलापूरचा डांबरी रस्ता पंजे भाजतो.